वाढलेला हात

माझं माहेर वालूरचं. चुलत भावाच्या मुलीच्या लग्नासाठी गेले होते आणि आदल्या दिवशी अंगणात कासारीण बांगड्या भरायला बसली होती. ती मला लहानपणापासून ओळखायची. माझ्या स्वतःच्या लग्नातल्या बांगड्याही तिनंच भरल्या होत्या. माझा हात हातात घेऊन तिनं सवयीनं सव्वादोनचं माप काढलं. ते अंगठ्याच्या मुळाशी अडकलं. त्याच्या पुढचंही अडकलं. शेवटी अडीचच्या मापाच्या बांगड्या कशाबशा गेल्या.

"माय, तुझा हात वाढायलाय," ती म्हणाली.

"वजन वाढलंय मावशी."

"वजनाचे हात मी रोजच दाबते. ते मऊ लागतात, दाबलं की जागा देतात. तुझं हाड आडवं यायलंय. पंजाच रुंद झालाय."

बाजूच्या बाया हसल्या, मीही हसले. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. पेडगावला शाळेत शिकवायचे आणि परभणीहून रोज एसटीनं जायचे-यायचे. हाताच्या मापाचा विचार करायला मला सवड नव्हती.

आता मागं वळून बघते तर सांगायला सगळंच होतं. लग्नातली अंगठी सोनाराकडं जाऊन कापून काढावी लागली होती. चप्पल बायकांच्या मापात मिळेना, म्हणून पुरुषांच्या दुकानातून आणायचे. पाळी त्याच वर्षी थांबली. हिवाळ्यातसुद्धा पहिल्या तासालाच पाठ घामानं ओली व्हायची. घोरणं इतकं वाढलं की नवरा दुसऱ्या खोलीत झोपायला लागला. पौर्णिमेला विहारात वंदना मी सांगायचे, तर एका पौर्णिमेला शेजारीण म्हणाली, "बाई, घसा बसलाय का तुमचा?" घसा बसला नव्हता. आवाजच खाली उतरला होता, आणि तो परत वर चढलाच नाही.

प्रत्येक गोष्टीला एक कारण सापडलं होतं आणि प्रत्येक कारणाला एक गोळी. साखर वाढली, तिची गोळी. डोकं दुखतं, त्याची गोळी. गुडघ्यांची वेगळी. पाळी जायचं वय झालं असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. मीही ठरवलं. ही सगळी दुखणी एकाच ठिकाणाहून येत असतील, हे कुणाच्याच मनात आलं नाही.

स्वभावाचं मात्र कुणी बोलत नव्हतं. शाळेतून आले की मी पलंगावर पडून भिंतीकडं बघत राहायचे. पूर्वी मी मुलांची नाटकं बसवायचे, वह्यांवर दोन-दोन ओळी शेरे लिहायचे. आता नुसती बरोबरची खूण करून वही पुढं ढकलायचे. कुणी दोनदा विचारलं की डोक्यात काहीतरी तडकायचं. नवरा पंचायत समितीत कारकून, मुळातच कमी बोलणारा. तो आणखी कमी बोलायला लागला.

मुलगी बारावीत होती. दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी फोन आला, मी उचलला. गॅस एजन्सीचा माणूस होता. "भाऊ, घरी कोण हाय? सिलिंडर घेऊन यायलोय," असं म्हणाला. फोन स्पीकरवर होता. मुलगी हसली. "आई, तो तुला भाऊ म्हणायलाय," एवढंच म्हणाली.

मी तिला मारलं. तिला मी कधीच मारलं नव्हतं, अगदी लहान असतानाही नाही. एकच थप्पड, पण हात जड झाला होता आणि मला त्याचा अंदाज नव्हता. ती दाराच्या चौकटीवर आदळली. कानावर हात ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अनोळखी माणूस घरात शिरल्यावर बघावं, तशी ती बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती गंगाखेडला आत्याकडं गेली. सुट्टी संपली तरी घरी आली नाही. तिथूनच रेल्वेनं परभणीला कॉलेजला यायची आणि परत जायची. तिचा बाप तिला स्टेशनवर भेटायचा, डबा द्यायचा. मी एकदा विचारलं, "येती म्हणाली का?"

"तिला थोडं राहू दे," तो म्हणाला.

त्यानंतर आठवड्याभरानं मी दातांच्या डॉक्टरकडं गेले. खालच्या दातांमध्ये फटी पडल्या होत्या, घास चावताना वरचे-खालचे दात एकमेकांवर बसत नव्हते. डॉक्टर तरुण होता. त्यानं तोंडात बघितलं, मग आरसा खाली ठेवून माझ्या चेहऱ्याकडं बघत बसला. मला अवघडल्यासारखं झालं.

"मॅडम, दहा वर्षांपूर्वीचा एखादा फोटो हाय का?"

मोबाइलमध्ये मुलीच्या दुसरीतल्या वाढदिवसाचा फोटो होता. त्यानं तो मोठा करून बघितला, परत माझ्याकडं बघितलं. "चपलेचा नंबर वाढलाय का? अंगठी?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "दातांचं आपण मागून बघू. आधी मोठ्या डॉक्टरला दाखवा. एक-दोन रक्ताच्या तपासण्या लिहून देतो."

घरी येऊन मी तो फोटो नवऱ्याला दाखवला. तो बराच वेळ एकदा फोटोकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. कपाळाचं हाड, नाक, ओठ, हनुवटी. सगळंच रुंद झालेलं. "मी रोज बघतो ना," तो म्हणाला. "रोज बघणाऱ्याला कसं कळावं?"

तपासण्यांचे आकडे बघून परभणीच्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवलं. तिथं सकाळी उपाशीपोटी ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं आणि दर अर्ध्या तासानं रक्त घेतलं. साखर पोटात गेली की वाढीचं हार्मोन खाली यायला पाहिजे. माझं येत नव्हतं. मग डोक्याचा एमआरआय झाला.

तिथल्या डॉक्टर बाईंनी कागदाच्या मागच्या बाजूला चित्र काढून सांगितलं. मेंदूच्या खाली, नाकाच्या मागं वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. अंगातल्या कितीतरी हार्मोन्सचा कारभार तिच्याकडं. माझ्या ग्रंथीवर एक गाठ होती. कॅन्सरची नव्हती, पण ती वाढीचं हार्मोन सोडायची थांबतच नव्हती. ते हार्मोन यकृताला सांगतं, यकृत आणखी एक वाढीचं रसायन रक्तात सोडतं, आणि अंग वाढायला लागतं. लहानपणी असं झालं तर उंची वाढते. मोठेपणी लांब हाडांची टोकं मिटलेली असतात, म्हणून हात, पाय, जबडा आडवे वाढतात. जीभही वाढते, म्हणून घोरणं. साखर, घाम, डोकेदुखी, सगळं त्यातच आलं. ग्रंथीची बाकीची कामंही गाठीखाली दबली होती, म्हणून पाळी थांबली.

"किती वर्षांपासून असेल?" नवऱ्यानं विचारलं.

"सात-आठ वर्षं तरी. हा आजार हळूच येतो. घरच्यांना दिसत नाही."

मला एकच विचारायचं होतं. नवरा औषधं आणायला खाली गेल्यावर विचारलं, "मॅडम, माणूस चिडका होतो का यानं? हात उचलतो का?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "थकवा येतो, मन उदास होतं, चिडचिड वाढते. झोप नीट होत नाही, डोकं दुखतं, त्यानंही वाढते. पण एखादी गोष्ट गाठीमुळंच झाली, असं मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही."

खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडून हो म्हणवून घ्यायचं होतं. कागदावर लिहून मिळालं असतं तर मी तो कागद गंगाखेडला नेऊन दिला असता.

ऑपरेशन नाकातून झालं. ठरलं तेव्हा नवऱ्यानं मुलीला फोनवर सगळं सांगितलं होतं. ती आत्याबरोबर हैदराबादला आली, पण ऑपरेशनच्या आधी मला भेटली नाही. शुद्धीवर आले, नाकात बोळे होते, तोंडानं श्वास घेत होते. ती पायाशी उभी होती. चमच्यानं पाणी पाजलं आणि माझे ओठ पुसले.

चौथ्या-पाचव्या दिवशी बोटांची सूज उतरायला लागली. घाम थांबला. सकाळी उठल्यावर डोकं दुखत नाहीये, हे कळायलाच मला थोडा वेळ लागला. घरी जायच्या आदल्या दिवशी खोलीत आम्ही दोघीच होतो.

"बाबा म्हणाले, आजारानं झालं ते," मुलगी म्हणाली.

"बाबांना वाटतंय तसं," मी म्हणाले. "आजारानं चिडचिड वाढली असेल. पण हात माझा होता. मी ते गाठीवर ढकलणार न्हाई. मला माफ कर."

ती खिडकीतून खाली बघत होती. "मला लय भ्या वाटलं होतं," ती म्हणाली. "मारलं म्हणून न्हाई. तू माझी आई वाटतच नव्हतीस. मला वाटायचं, मीच काहीतरी केलंय."

मी तिला जवळ ओढलं नाही. तिनं स्वतः येऊन पलंगावर टेकावं, एवढा वेळ थांबले. तिला वेळ लागला, पण ती टेकली.

ती आमच्याबरोबर परभणीला आली. नवरा त्या आठवड्यात कधी नव्हे इतकं बोलला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की मी त्याच्यावर नाराज आहे, आणि कशावरून ते विचारायची त्याची हिंमत होत नव्हती.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. थोडी गाठ तिथंच राहिली आहे, तिच्यासाठी महिन्याला एक इंजेक्शन घेते. साखरेची गोळी सुटली. वाढलेलं हाड मागं जात नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळं जबडा आहे तसाच आहे आणि आवाजही. वंदना अजून मीच सांगते. वह्यांवर शेरे लिहिते, मात्र पूर्वीइतके लांब नाहीत.

मुलगी आता शेतकीच्या कॉलेजात आहे, घरूनच जाते. मी गप्प बसले की ती थोडी दूर उभी राहून विचारते, "आई, डोकं दुखायलंय का?" परवाही विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "आज नुसता राग आलाय."

"कशाचा?"

ओला टॉवेल गादीवर टाकून गेली होती, त्याचा. मी सांगितलं, तिनं टॉवेल उचलून दोरीवर टाकला.