एनिडचं मलम

एनिडच्या हाताला गुण आहे, हे वाळवंटातल्या त्या आदिवासी वस्तीत कुणाला सांगावं लागत नसे. गुडघा धरला, कान ठणकला, लेकराच्या छातीत कफ झाला, की बाया कोरड्या नदीच्या काठावरच्या पत्र्याच्या शेडची वाट धरत. शेडपुढं चार रिकामी तेलाची पिंपं उभी होती. पिंपांच्या आत पुरुषानं पाऊल घालायचं नाही, हा बायांचा जुना कायदा. कुत्री मात्र खुशाल येत.

“नर कुत्रं चालतं व्हय गं?” डल्सी रोज विचारी. डल्सी म्हणजे एनिडची चुलत नणंद. थट्टा करायचा तिचा हक्कच, आणि तो हक्क तिनं एक दिवसही वाया घालवला नव्हता.

“त्याला लाज असती,” एनिड म्हणे, आणि पानं वाटायला घेई.

टेकडीवरच्या झुडपाची बारीक पानं दगडावर वाटायची, तेलात मंद उकळायची, मेण घालून आळवायची. मलम हिरवंगार व्हायचं आणि एनिडची बोटंही कायमची हिरवी झाली होती. मार खाऊन आलेल्या बायाही तिथंच येत. ओल्या पाल्याची धुरी घेत, वाळूत बसत. एनिड त्यांना काही विचारत नसे. विचारायचं नाही, हात चालवायचा, ही तिची रीत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाईचं तोंड आपसूक उघडे, आणि उघडे ते एनिडपुढंच. साठी उलटलेल्या बाईला दुसरा मान तो कुठला असणार? तो एवढाच होता, आणि तो तिला फार गोड लागत असे.

म्हणून टॅमिकाचं तिला फार लागलं.

टॅमिका लायलची बायको. लायल हा एनिडच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. थोरली जाऊन चार हिवाळे झाले, तेव्हापासून तिचं नाव कुणी ओठावर आणत नाही; मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, ही तिकडची रीत. आणि त्या माणसांत आईची बहीण ही आईच. म्हणजे लायलला आता आई राहिली ती एनिड. तो तिच्या अंगणात जेवे, तिच्या ओट्यावर निजे. त्यानं टॅमिकाचा खांदा आणि हात मोडला, पोलीस त्याला घेऊन गेले, चार महिन्यांची कैद झाली. त्या दिवशी एनिड सगळ्यांसमोर म्हणाली होती, “लेक माझा असला म्हणून काय झालं? पोरगी माझ्याकडं येईल. मीच बरी करीन तिला.”

लोकांनी वाहवा केली. एनिडला ती आवडली.

हाताचं प्लॅस्टर निघालं तशी टॅमिका आली. रोज यायची, पण हात पुढं करायची तो मनगटापासून कोपरापर्यंतच. सदऱ्याची बाही त्याच्या वर कधी सरकली नाही.

“खांदा बघू की गं.”

“नको आत्ती. एवढ्यानंच बरं वाटलं.”

बाकीच्या पोरी एनिडला आजी म्हणत. टॅमिका तेवढी आत्ती म्हणे. सासूला म्हणतात तसं. नातंच ते होतं, त्यात एनिडला काही वेगळं वाटलं नाही. ती थांबली. आज ना उद्या बाही वर जाईल, तोंड उघडेल. एक महिना गेला. दुसरा निम्मा झाला.

अन् मग ग्लेनिस आली.

ग्लेनिस समुद्राकडची. तीही काळीच, पण मुलूख निराळा, बोली निराळी. बायांच्या आसऱ्याच्या घरानं तिला कामावर घेतली होती आणि एक पांढरी टोयोटा दिली होती. अंगानं दणकट, हसणं मोठं. पहिल्या दिवशी ती पिंपांच्या बाहेरच थांबली आणि हाक मारली, “येऊ का, थोरल्या बाई?” हो म्हटल्यावर आली, येताना गाडीभर वाळलेली लाकडं घेऊन. शेवटी जागा मिळाली तिथं, वाऱ्याच्या तोंडाला, धूर डोळ्यात घेत बसली. एनिडला नाव ठेवायला तसूभर जागा मिळाली नाही. त्याचाच तिला जास्त राग आला.

“हिचं इथं कोण लागतं गं?” तिनं डल्सीला विचारलं.

“कुणीच न्हाई.”

“मग? जिचं कुणी लागत न्हाई, ती आमच्या पोरींचं काय करणार? हिला झाड ठावं न्हाई, माणूस ठावं न्हाई. कागद तेवढा ठावा.”

“लाकडं चांगली आणती पण.”

“तू गप वाट.”

आठच दिवसांत टॅमिका त्या टोयोटात बसायला लागली. मलमाला कोपर देऊन झालं की उठायची, गाडीत जायची, काचा वर. एनिड पानं वाटता वाटता काचेकडं बघे. किती वेळ झाला? सावली दगडावरून उतरून वाळूत आली तरी पोरगी बाहेर नाही. आत दोघींची डोकी जवळ. एकदा तर टॅमिका हसली. एनिडनं तिला दोन महिन्यांत हसताना पाहिलं नव्हतं.

“दगड फुटंल गं,” डल्सी म्हणाली. “पानांचं कवाच पीठ झालंय.”

एका दुपारी बायांनी कांगारूच्या शेपट्या निखाऱ्यात घातल्या. वाटणी करायची ती एनिडनं. बुडख्याकडचा जाड, चरबीचा तुकडा तिनं टॅमिकासाठी आधीच बाजूला काढून ठेवला होता, पानाखाली झाकून. टॅमिकानं तो घेतला, मधोमध मोडला आणि मोठा वाटा उठून ग्लेनिसला नेऊन दिला. ग्लेनिसनं हाडापर्यंत चाटून खाल्ला आणि लांबूनच एनिडला ओरडून म्हणाली, “लई भारी, थोरल्या बाई!”

एनिडच्या पोटात असं दुखलं, की आपल्या वाटचा तुकडा तिनं कुत्र्याला टाकला.

“कुत्र्याचं नशीब,” डल्सी म्हणाली. मग आवाज खाली घेऊन, “तुला सांगू का नको? सांगतेच. तिनं तिला पाठ दाखवलीय.”

“काय?”

“टॅमिकानं. ग्लेनिसला. सदरा काढून. काल आसऱ्याच्या घरात. माझ्या भाचीनं बघितलं. पाठीवर लई हाय म्हणं.”

त्या दिवसापासून एनिडला दुसरं काही सुचेना. मला कोपर, तिला पाठ. माझी पानं, माझं तेल, माझा दगड, आणि पाठ त्या परक्या बाईला. चहा गार होई. पाल्यातल्या काड्या निवडायच्या राहत. पांढरी गाडी वस्तीत कुठं कुठं थांबते, हे ती नातवंडांना विचारू लागली.

मंगळवारी टॅमिका सकाळी शेडमध्ये आलीच नाही. आली ती दुपारी, टोयोटातून उतरून, ओठांवर मघाचं हसू तसंच घेऊन. एनिड पिंपांपाशी उभी होती.

“कुठं होतीस इतका येळ?” तिनं टॅमिकाचं मनगट धरलं. “कुणाबरोबर खिदळत होतीस? काय काय सांगितलंस तिला? बोल की!”

टॅमिकाचा मोकळा हात झपकन डोक्यावर गेला. हनुवटी छातीला टेकली, डोळे गच्च मिटले. अंग चोरून ती तशीच उभी राहिली. वाट बघत.

डल्सीचा दगड थांबला. ग्लेनिस गाडीतून उतरली, दोन पावलं आली, आणि पिंपांच्या बाहेरच थबकली.

एनिडनं मनगट सोडलं. तिथं हिरवी बोटं उमटली होती.

“मी मारणार हाय का तुला?” ती म्हणाली, पण आवाज निघाला तो भलताच.

टॅमिकानं हात हळूहळू खाली घेतला. बोलली ती वाळूकडं बघूनच.

“तुला पाठ कशी दाखवू, आत्ती? त्यानं केलेली हाय. तुझ्या लेकानं. तू बघितलीस तर तुला लाज वाटणार, अन् तुझी लाज बघून मला. परवा तो सुटणार. आला की तुझ्याच अंगणात जेवायला बसणार. तू वाढशील. वाढायलाच पायजे, आई हायस. मग मी जे सांगितलं ते तू कुठं ठेवशील?”

“अन् तिला सांगितलेलं?”

“तिचं इथं कुणी लागत न्हाई.”

एनिडचेच शब्द होते ते. डल्सीनं मान फिरवली.

“मग दोन महिने हात कशाला पुढं करत होतीस?”

“म्हातारीला न्हाई कसं म्हणू?” टॅमिका म्हणाली, आणि आत जाऊन बसली.

एनिडला लगेच शहाणपण आलं असं काही झालं नाही. दोन दिवस ती घरात पडून राहिली, डल्सीशी भांडली, टॅमिकाला कृतघ्न म्हणाली आणि ग्लेनिसला त्याहून वाईट. सगळ्यांत राग आला तो मेलेल्या बहिणीचा. स्वतः सुटली, आणि हे आईपण माझ्या गळ्यात टाकून गेली.

गुरुवारी दुपारी लायल आला. वाळला होता. एनिडनं पाव आणि डब्यातलं मटण पुढं ठेवलं, चहात चार चमचे साखर घातली. तो चार घास जेवला आणि इकडंतिकडं बघू लागला.

“कुठं हाय ती?”

एनिडनं चहा ओतायला किटलीला हात घातला.

“कुणाबरोबर हिंडती? ती टोयोटावाली कोण हाय? काय काय सांगती ती तिला?”

एनिडचा हात किटलीवरच राहिला. शब्द ओळखीचे होते. रांगसुद्धा तीच. हा संशयी स्वभाव त्याच्या बापाकडून आला, असं ती आजवर छातीठोक सांगत आली होती.

“जेव आधी,” ती म्हणाली. त्यानं ताट चाटून पुसलं तेव्हा ती उठली आणि कोपऱ्यातली खणायची जड काठी घेऊन त्याच्यापुढं बसली. “आता ऐक. त्या पिंपांकडं तोंड करायचं न्हाई. तिच्या दारात जायचं न्हाई. कुणाच्या हाती निरोप न्हाई. तुझा मामा गाडी घेऊन यायलाय. त्याच्याबरोबर लांब, गुरं राखायच्या ठाण्यावर कामाला जायचं, अन् पुरुषांनी तुला जे शिकवायचं ते शिकायचं.”

“आई, बायको माझी हाय.”

“अन् लेक तू माझा हायस. तिला काही विचारायचा हक्क मला न्हाई. तुला हाणायचा हाय.” तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. “तुझी थोरली आई असती तर आधी हाणलं असतं आणि मग जेवायला घातलं असतं. मी आधी वाढलं. उपकार समज.”

लायलनं डब्याला लाथ मारली. डबा पायरीवरून गडगडत खाली गेला, कुत्री धावली. पण मामाची गाडी आली तेव्हा तो मागं चढून बसला. किती दिवस तिकडं राहील ते कुणी सांगावं? एनिडनं काठी मात्र परत कोपऱ्यात ठेवली नाही.

शुक्रवारी सकाळी ती शेडवर गेली. टॅमिका आत पाला निवडत बसली होती, पण एनिडनं हाक मारली ती ग्लेनिसला.

“ये इकडं. हात बघू. नखं काप आधी. डल्सी, सदरा काढ आणि पालथी हो.”

“माझं काय दुखतंय?”

“दुखंल आता. पड.”

ग्लेनिसनं मलम घेतलं आणि डल्सीच्या पाठीवर चोळायला लागली. एनिडनं तिच्या मनगटावर चापट मारली. “कणीक मळतीस काय? अंगठा हितं. खालनं वर. हाड लागलं की थांब, त्याला विचार, मग पुढं जा. तोंडानं न्हाई गं, अंगठ्यानं विचार!”

“अगं ए, मी माणूस हाय,” डल्सी वाळूत तोंड खुपसून म्हणाली.

तासभर चाललं हे. ग्लेनिस घामानं निथळली, पण एकदाही उलटून बोलली नाही, आणि अंगठा तिला लवकर साधला. तेही एनिडला आवडलं नाही. मग मलमाची बरणी द्यायची वेळ आली. फळीवर दोन होत्या, एक गेल्या सालची, वास उडालेली, आणि एक या आठवड्याची. एनिडचा हात जुनीवर गेला, तिथं बराच वेळ घुटमळला. शेवटी तिनं ताजी उचलली आणि ग्लेनिसच्या हातात कोंबली.

“टॅमिकाला. कोपर नको, ते माझं झालंय. वरचं बघ.”

मग ती बाहेर आली, काठी पायांशी टाकून पिंपांपाशी वस्तीकडं तोंड करून बसली. थोड्या वेळानं मागून सदऱ्याच्या गुंड्या सोडल्याचा आवाज आला. मग टॅमिकाचं बोलणं, हलकं, न थांबणारं, एकसारखं. शब्द कळत नव्हते. एनिडनं कान दिला, मग ओढणी डोक्यावरून घट्ट गुंडाळून घेतली, म्हणजे कळू नयेत. पोटात दुखत होतं ते दुखतच होतं.

“मलम लई घेऊ नकोस!” मान न वळवता ती ओरडली.

“तुला तिथनं दिसतं व्हय?” डल्सी आतून म्हणाली.

“वास येतोय,” एनिड म्हणाली, आणि रस्त्याकडं बघत बसून राहिली.