अर्ध्या चढावर कापलेला पाईप

सावित्रीवैनीने रागाच्या भरात सोलर पंपाचा पाईप करवतीने कापला, नवरा अंथरुणाला खिळल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही, अशी बातमी मिठबावात सकाळच्या चहाआधी घरोघर पोचली. त्यात करवत खरी, कापलेला पाईप खरा. राग तेवढा खोटा. मी शेजारी, कुंपणाला नाक लावून सगळं बघितलंय.

वैनीचा नवरा मंगेशदादा फणसावरून पडला आणि पाय मोडून बसला. त्याआधी त्याने सड्याच्या उघड्या चढावरचा कातळ फोडून, खड्ड्यांत माती भरून हापूसची कलमं लावली होती. विहीर खाली, टाकी पार वरच्या टोकाला. का, तर पाणी आपसूक सगळ्या कलमांपर्यंत उतरावं. आणि माझं मत विचाराल तर, टाकी रस्त्यावरून दिसावी म्हणूनही. ऊन लख्ख असलं की पंप ती भरून टाकायचा.

पण मार्चात मळभ आलं ते हलेचना. उकाडा असा की माणूस नुसता बसून भिजावा. पंप विहिरीत कण्हायचा, टाकीत थेंब नाही. कलमांची कोवळी पानं लोंबू लागली. आतून दादा रोज विचारायचा, टाकी भरली का. वैनी पॅनल पुसत राहायची.

एका सकाळी चढताना तिला अर्ध्यावरच्या जोडातून पाणी उडताना दिसलं. म्हणजे पंपाची ताकद तिथवर पोचत होती, पुढे नाही. तिने तिथेच पाईप कापला, दोन कॉक बसवले: एक टाकीकडे, एक शेजारी ठेवलेल्या पिंपाकडे. मळभ असेल तेव्हा पाणी पिंपात, ऊन पडलं की वर. पिंपाखालच्या कलमांची सोय झाली. वरच्या ओळींना ती कळशीने घालते. त्यातली काही वाळलीच, उरलेल्यांचं अजून सांगवत नाही.

पाईप कापल्याचं कळल्यापासून दादा भिंतीकडे तोंड करून जेवतो.

परवा ती कळशी घेऊन चढत होती. माझी जीभ कुठली गप्प बसायला. कुंपणावरून म्हटलं, "वैनी, घोवाची टाकी रिकामी ठेवन पिंप भरतंस. तो आता बोलाचो नाय हां तुझ्याशी."

कळशी कमरेवरून खाली न ठेवता ती म्हणाली, "नाय बोललो तर नाय बोललो. टाकी वर आसा, पाणी हय आसा. कलमां तहानली तर त्येंका काय टाकी दाखवू?"