भट्टीने पाडलेली पापणी

आमच्या अण्णांची डावी पापणी अर्ध्यावर उतरलेली आहे. ती वर होत नाही, म्हणून समोरच्याला नीट पाहायला अण्णा हनुवटी वर करतात, आणि विट्यातल्या निम्म्या लोकांचा समज झालाय की हा माणूस फार ताठ आहे. अण्णांनी तो समज कधी खोडून काढला नाही. त्यांना तो आवडतो.

पापणीचं कारण विचारलं की ते हातातला चहाचा कप खाली ठेवतात. आमच्या भागातल्या कितीतरी जणांसारखं त्यांनी उभं आयुष्य गलाईत घालवलं, म्हणजे मदुराईत सराफांचं जुनं सोनं भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं. एके दिवशी सोनं वितळवायची मूस तडकली, धग थेट डोळ्यावर आली आणि पापणी जी पडली ती पडलीच. मी दुसरीत होते तेव्हा ती मूस वाटीएवढी होती. मी नोकरीला लागेपर्यंत तिची घागर झाली, आणि अण्णांनी दोन कामगारांचे जीवही वाचवले. आई शेजारी शेंगा सोलत बसलेली असायची. ऐकायची आणि मान डोलवायची.

मागच्या वर्षी सांगलीच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गलाईवाल्यांच्या पापण्यांवर संशोधन सुरू केलं. वर्षानुवर्षं धग सोसून पापण्यांचं काय होतं, हे त्यांना तपासायचं होतं. निरोप आला तेव्हा अण्णांच्या दोस्तांनी "आमच्या पापण्या हायत तितंच बऱ्या हायत" म्हणून अंग काढून घेतलं. अण्णा मात्र इस्त्रीचा सदरा घालून तयार. हे सगळं आपल्याच डोळ्यासाठी निघालंय, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. मी रजा टाकून साताऱ्याहून गाडी घेऊन आले, कारण एकटे सोडले असते तर ते डॉक्टरबाईंनाच तपासून आले असते. आईही निघाली. का, ते तिनं सांगितलं नाही.

डॉक्टरबाई माझ्याहून लहान, पण चांगल्याच खमक्या. अण्णांची गोष्ट भट्टीपर्यंत पोचायच्या आतच त्यांनी प्लास्टिकची पट्टी डोळ्याजवळ धरली आणि पापणी किती उतरलीय ते मोजलं. वर बघा. आता खाली बघा. अण्णा खाली बघत असताना डॉक्टरबाई थबकल्या. ती डावी पापणी उजवीएवढी खाली जातच नव्हती.

"जन्मापासूनची असेल तर असं दिसतं," त्या म्हणाल्या. "मग ती या अभ्यासात बसत नाही. तरुणपणीचा फोटो आहे का?"

"मूस फुटायच्या आदुगरचा हाय की!" अण्णांनी पिशवीतून फोटो काढलासुद्धा. माणूस तयारीनिशी आला होता. लग्न ठरताना मदुराईहून पाठवलेला स्टुडिओतला फोटो: केसांचा फुगा, मनगटावर घड्याळ आणि दोन्ही डोळे टक्क उघडे.

फोटो पाहून डॉक्टरबाई गंभीर झाल्या. म्हणजे पापणी नंतर पडली. तसं असेल तर नुसती धग म्हणून सोडून देता येत नाही, मागं दुसरं दुखणं लपलंय का ते शोधावं लागतं. रक्ताच्या तपासण्या, छातीचं स्कॅनिंग, मेंदूचं स्कॅनिंग. त्या लिहीत गेल्या. अण्णांकडे पाहिलं तर स्वारी खुशीत! आपली मूस थेट मेंदूपर्यंत पोचली म्हणून. त्या क्षणी मला त्यांचा असा संताप आला की काय सांगू.

"डॉक्टरबाई," दाराजवळच्या स्टुलावरून आई म्हणाली, "त्यो फोटू जरा तिरका धरून बघा."

डॉक्टरबाईंनी तो खिडकीकडे तिरका धरला. डाव्या डोळ्यावर ब्रशचा रंग चकाकला. स्टुडिओवाल्यानं अर्धा मिटलेला डोळा रंगवून उघडा करून दिला होता. बुबुळ तर उजव्यापेक्षा चांगलं थोरलं काढलेलं. इतकी वर्षं फोटो आमच्या भिंतीवर होता आणि मी शिकलेली बाई, माझ्या लक्षात आलं नाही.

"अंतरपाट दूर झाला तवाच बगितलं मी," आई म्हणाली. "पापनी अशीच हुती. सासूबाईबी म्हनल्या, पाळन्यात असल्यापास्नंच हाय. भट्टीचं काय न्हाई त्यात."

डॉक्टरबाईंनी तपासण्यांच्या यादीवर काट मारली. मग अभ्यासाच्या वहीतल्या अण्णांच्या नावावरही मारली. मला हायसं वाटलं, हसूही येत होतं, पण अण्णांकडे पाहिलं आणि ते गिळलं. त्यांनी फोटो परत पिशवीत ठेवला, उलटा.

परतताना गाडीनं तासगाव गाठलं. मग अण्णा मागं बसलेल्या आईला न वळताच म्हणाले, "चाळीस वरसं ठावं हुतं तुला?"

"व्हय."

"मग कवा बोलली न्हाईस? गावभर सांगत हिंडलो मी. मनात हसत असशील."

"आवं, हसतीय कशाला," आई म्हणाली. "लगीन झाल्यावर तुमी दोन वरसं माज्याशी बोलताना डोळ्यावर हात धरायचासा. जेवतानाबी. मग एकदा पावनं आलं, कुनीतरी इचारलं, आन् तुमी ही मुशीची गोष्ट सांगितलीसा. सांगता सांगता हात खाली आला. त्यो पुन्ना वर गेला न्हाई."

मला समोरचा रस्ता दिसेना, म्हणून मी गाडी कडेला घेतली.