कौसाचे टोमणे

उसाच्या फडात मी बूड टेकलं की माझी बायको कौसा हातातला कोयता थांबवून सगळ्या टोळीला ओरडून सांगायची, "गप बसा गं, चेअरमन बसल्यात! आता मिटिंग हुईल." टोळी हसायची आणि मी शिव्या देत उठायचो. लग्न झाल्यापासून हे असंच. या बाईची जीभ जरा आखूड असती तर बरं, असं मला लई वाटायचं.

दुष्काळात जनावरं छावणीवर नेली, त्या साली ती जीभ बंद पडली. भाकर थापायला बसायची आणि पिठात हात घालून तशीच राहायची. "कामून बसलीस अशी?" म्हणलं तर "काय की," एवढंच. बीडच्या डॉक्टरनं सांगितलं, हा मनाचा आजार आहे, उदासीचा. रोज एक गोळी द्या. महिना-दीड महिन्यात ती उठली. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. आमचा कोयता पुन्हा कारखान्यावर गेला.

पुढं दर खेपेला डॉक्टर तिला विचारायचे, "फरक आहे का?" ती माझ्याकडं बोट करायची, "ह्यांना इचारा."

"लई फरक हाय साहेब. गड्यागत काम करती."

डॉक्टर तीच गोळी लिहायचे. ती हसत नाही, मला टोमणा मारत नाही, हे मी कधी सांगितलं नाही. उलट वाटायचं, बरं झालं, घर शांत झालं. असे कितीतरी हंगाम गेले.

मग तिथं नवी डॉक्टरीण आली. तिनं आधी मलाच बाहेर काढलं. आत काय बोलणं झालं ते कौसानं सांगितलं नाही, पण गोळी बदलली. सुरुवातीला तिला लई मळमळायचं. मी म्हणलं, "सोड ती गोळी." म्हणाली, "न्हाई सोडणार." संक्रांतीनंतर एका दुपारी मी फडात टेकलो आणि मागून आवाज आला, "टेकलं का चेअरमनचं बूड?"

कितीतरी हंगामांनी मी शिव्या देत उठलो.

त्यानंतर दोनच हंगाम मिळाले. काविळीनं नेली. जाईपर्यंत टोमणे मारत होती. पण मधली सगळी वर्षं ती अर्धीच उठली होती, आणि मला तेवढी पुरली.

ती गेल्यावर तोच उदासीचा आजार मला लागला. आता त्याच डॉक्टरणीची गोळी मी घेतो. परवा तिनं विचारलं, "बाबा, फरक आहे का?" माझी मान आपसूक शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं वळली.