ठाण्याचा अर्ज

आठवड्यातून तीनदा मी कल्याणला डायलिसिसला जातो. तिथली मोहन्याहून येणारी सिस्टर मला सुया टोचते. बाकीच्या म्हणतात, ‘काही दुखणार नाही हं,’ आणि हाताची चाळणी करतात. ही म्हणते, ‘दोन सुया आहेत काका, दोनदा दुखेल.’ आणि दोनदाच दुखतं. अंगात किती पाणी साठलंय ते बघायला मी वजनकाट्यावर उभा राहिलो की आकड्याआधी ती माझ्या तोंडाकडे बघते. ‘कलिंगड खाल्लंत ना?’

हल्ली मशीन सुरू केलं की ती भिंतीला टेकते, एक पाय चपलेतून काढते आणि कमरेवर हात दाबून उभी राहते. पेशंट उचलून उचलून कंबर गेलीये तिची.

सोमवारी तिने मला एक कागद दिला. ठाण्यातल्या विमा कंपनीत क्लेमच्या फायली तपासायच्या नोकरीचा अर्ज होता. ‘बसून काम आहे काका. इंग्लिश जरा बघून द्याल? कामाचा कंटाळा नाही आला हो, पण कंबर साथ देत नाही. जाऊ की नको, रोज ठरवते आणि रोज मोडते.’

घरी पोचताच मी अर्ज वाचला. चुका चारच होत्या. बुधवारी मी तिला म्हणालो, घरी वेळ नाही झाला, इथेच वाचणार होतो, पण चष्मा विसरलो. शुक्रवारीही तेच म्हणालो.

ती माझ्या हातावर वाकून शीर चाचपत होती. मान वर न करता म्हणाली, ‘चष्मा तुमच्या खिशातच आहे काका.’

तिने सुई उचलली.

‘दोनदा दुखेल हं.’

दोनदाच दुखलं.