पलीकडच्या काठावरचं गाठोडं

शिवणवाल्या काकूंना थंडीत तळ्यात पोहण्याचं खूळ लागलं तेव्हा त्यांनी पन्नाशी कधीच ओलांडली होती. ज्या वयात माणसं गुडघ्यांना तेल चोळत बसतात, त्या वयात ह्या बाईंनी उरलेल्या कापडातून पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख बेतला, दोनदा उसवला आणि तिसऱ्यांदा मनासारखा शिवला. लेकीने फोनवर हात टेकले. नवरा, म्हणजे ड्रायव्हरकाका, मुळातच अबोल. त्यांनी सारी नोकरी बस चालवण्यात घालवली होती. चालत्या गाडीत बोलायचं नाही हा नियम त्यांनी निवृत्तीनंतरही मोडला नव्हता, आणि थांबल्या गाडीत त्यांना झोप लागायची.

उन्हाळ्यात तळ्यावर पाय ठेवायला जागा नसे. थंडीत उरायचे सात-आठ वेडे. रविवारी सकाळी ऊन पाण्यावर टेकलं की ही मंडळी कुडकुडत उतरायची. पहिलं मिनिट श्वास अडकायचा, कातडी भाजायची, आणि मग एकाएकी सगळं हलकं व्हायचं. आठवडाभर मशीनवर वाकलेली काकूंची मान तिथे मोकळी होई. त्या एका तासासाठी त्या सोमवारपासून दिवस मोजायच्या.

मंडळींचा एक दंडक होता. थंड पाण्यातून बाहेर आलं की पाच मिनिटांत कोरडे कपडे अंगावर चढलेच पाहिजेत. म्हणून जो तळं पार करणार, त्याचं कपड्यांचं गाठोडं कोणीतरी रस्त्याने पलीकडे न्यायचं. गाठोडं ज्या काठावर, त्याच काठावर बाहेर यायचं. काकूंचं गाठोडं दोन हिवाळे अलीकडेच, काकांच्या मांडीवर राहिलं होतं. त्या तळ्याच्या मध्यावर तरंगणाऱ्या लाल पिंपापर्यंत जायच्या आणि परतायच्या. काका बसायचे त्या काठच्या दगडावरून तेवढंच पाणी दिसायचं, पुढचं झुडपांआड जाई. औषधांचं दुकान चालवणारे एक म्हातारे गृहस्थ त्यांना चिडवायचे, "काकू, अर्धं तळं तुमच्या नावावर झालं. उरलेलं कधी?"

तिसऱ्या हिवाळ्यात काकूंनी मनाशी ठरवलं. पोशाख घालून त्या काठावर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आज गाठोडं पलीकडे न्या. मी जाणार आहे."

"बरं," काका म्हणाले.

पिंपाला हात लावून काकूंनी समोर पाहिलं. पलीकडचा काठ रिकामा होता. मागे वळून पाहिलं, तर काका दगडावर होते तिथेच. गाठोडं मांडीवर, सायकल झाडाला टेकलेली. पुढे जावं तर ओल्या अंगाने वाऱ्यात उभं राहायचं. काकू निमूट परतल्या, पण डोकं तापलं होतं.

"का नाही गेलात?"

"रस्ता टेकडीमागून जातो. दहा मिनिटं पाणी दिसत नाही."

"मग? तुम्ही पोचेपर्यंत मी थांबले असते की."

"तू थांबली असतीस?"

त्या थंडीत त्या पोशाखात कोणीच थांबलं नसतं. काकूंना ते कळत होतं, पण राग काही कमी होईना. दोन हिवाळे पाण्यात काढूनही आपल्याच माणसाचा आपल्यावर भरवसा नाही, हे त्यांना फार लागलं. चार दिवस त्या कामापुरतंच बोलल्या आणि गिऱ्हाइकाच्या एका पँटला दोन्ही पाय डावे लावून बसल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी काकांच्या देखत गाठोडं औषधवाल्यांच्या हातात दिलं. त्यांची स्कूटर टेकडीमागे गेली आणि काकू पाण्यात उतरल्या. काका आपले दगडावर, रिकाम्या हातांनी.

पिंपापाशी त्या थांबल्या नाहीत, मागेही वळल्या नाहीत. पुढचं पाणी जास्त गार होतं. बोटं आपली वाटेनात, खांदे भरून आले. एकदा तर वाटलं, उगाच हट्ट केला. मग पायाला चिखल लागला. औषधवाल्यांनी पाठ फिरवून चादर आडवी धरली, आणि तिच्याआड दात वाजत असताना काकू एकट्याच हसत सुटल्या. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता. तो पहिल्यांदा सांगावासा वाटला तो नेमका त्याच माणसाला, ज्याच्यावर त्या रुसल्या होत्या. त्याचीही त्यांना थोडी चीडच आली.

स्कूटरवरून अलीकडे आल्या तेव्हा काका काठावर उभे होते. दगडावर बूट जोडीने ठेवलेले, आत मोजे खोचलेले. विजार कमरेपर्यंत भिजून पायांना चिकटली होती आणि ओठ निळे पडले होते.

"हे काय केलंत?" काकूंनी विचारलं. "तुम्हाला पोहता तरी येतं का?"

"नाही," काका म्हणाले. "पण थोडं आत गेलं की तू पिंपाच्या पुढेही दिसत होतीस."