नावानं मारलेली हाक

कुकरमधून आंबेमोहोराचा वास सुटला, की मला मुळशीच्या धरणाकाठची मावशीची पडवी आठवते. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची दिवाळी असेल. मी कॉलेजात होते आणि सुट्टीत मावशीला एक कादंबरी वाचून दाखवत होते. बुडून मेलेल्या बाईची हकिगत तिचा नवरा, सासू आणि शेजारीण आपापल्या परीनं सांगतात, खरं कोण बोलतंय ते वाचणाऱ्यानं ठरवायचं, अशी ती होती. मावशी तांदूळ पाखडत ऐकत होती. काका, म्हणजे तिचे यजमान, पायरीवर कोयत्याला धार लावत होते. शेजारीण दर वेळी वेगळंच सांगते, म्हणून मी तिला खोटी ठरवलं. "न्हाई गं, नवरा खोटं बोलतुया," मावशी म्हणाली. "जित्या बायकूचं नाव न्हाई घेत नवरा. पन ती बुडाय लागली, की गावादेखत नावानंच हाका मारतोय. ह्यो म्हनतो, मी नुसतं 'अगं, अगं' वरडलो. ह्यानं हाकच मारली न्हाई." धार लावल्याचा आवाज थांबला. समोर धरणाचं पाणी हलतही नव्हतं. "फुडचं वाच की," काका खाली बघतच म्हणाले. मावशीनं मान वर केली नाही, सूप मात्र तिच्या हातात तसंच राहिलं. ती काकांना दुसरेपणावर दिलेली. पहिली याच पाण्यात गेली, आणि ती गोष्ट मी लहानपणापासून काकांच्याच तोंडून ऐकत आले होते: पाय घसरला, मी धावलो, 'अगं, अगं' म्हणून ओरडलो. इतकी वर्षं झाली, तिचं नाव काय होतं ते मला अजून माहीत नाही.